तिसरी ‘अ’ची शांत सर्कस

६ जानेवारी, मंगळवार
नवीन डायरी. संकल्प एकच: वर्गात चिडायचं नाही.
काल माझ्या वर्गातल्या नऊ मुलांच्या पालकांनी तुकडी बदलून मागितली. ‘अ’ नको, मोहिनी मॅडमची ‘ब’ द्या. का, तर मुलं घाबरतात. कोणाला? मला? बदली होऊन इथे रावेरकडे येण्याआधी साक्रीला बारा वर्षं शिकवलं. मी वर्गात शिरले की बाहेरच्या चिमण्या ऐकू यायच्या. याला आदर म्हणतात.
मुख्याध्यापक हितेंद्र सर म्हणाले, स्नेहसंमेलन होऊ द्या, मग अर्जांचं बघू. बघाच. मी सर्कस बसवतेय. चिडक्या बाईला सर्कस सुचते का?

८ जानेवारी
विदूषकाचे मुखवटे. पुठ्ठा, रंग, लोकर. नाक लाल, असं तीनदा सांगितलं. कामिनीने हिरवं रंगवलं. म्हणे, मॅडम, याला सर्दी झालीय.
आवाज अजिबात चढवला नाही. फक्त मुखवटा फाडला.

१२ जानेवारी, सोमवार
ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या वाकवून रिंगा केल्या. छान झाल्या. पण राजदीप रिंगेतून उडी मारताना हसतो. वाघ हसतो का? दहा वेळा उडी मारायला लावली. आता हसत नाही. प्रगती.
‘ब’मध्येही सर्कस. सगळेच विदूषक, सगळेच पडतायत, मोहिनी मॅडमसकट. नुसता धिंगाणा. पाऊण तास खिडकीतून पाहिला, म्हणून लिहितेय.

१६ जानेवारी, शुक्रवार. दुपार
उद्या कार्यक्रम. झालरींसाठी क्रेप कागद आणायला सांगितला होता, शिपाई जीवरामभाऊ विसरले. संताप! पण संकल्प आहे. शाळेमागे केळी कापणं चाललंय. खोडं सोलून ताज्या, ओल्या झालरी केल्या. पांढऱ्या कपड्यांवर, गळ्यात आणि कमरेला. काय दिसतात! मोहिनी मॅडमला सुचलं असतं?
खिचडीवाल्या झुंबरबाई मध्येच आल्या. म्हणे, बाई, केयीचा चीक हाय तो, कपड्याले... म्हटलं, तुम्ही खिचडी पाहा, करपतेय. मुलंही कुजबुजायला लागली. म्हटलं, ज्याला बोलायचंय त्याने बाहेर जाऊन बोलावं.
कोणीही गेलं नाही. बसली शिस्त.

१७ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ
जिंकले! एक पाऊल चुकलं नाही. एक मूल हसलं नाही. हितेंद्र सर म्हणाले, मॅडम, इतकी शांत सर्कस पहिल्यांदा पाहिली. मी आभार मानले.
अर्ज मागे घेणाऱ्यांना टाकून बोलायचं नाही, असं ठरवलंय.

१९ जानेवारी, सोमवार
फाटकाशी आया, आज्या. हातात कपडे. गळ्याला, कमरेला तपकिरी-काळे डाग. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळा पडतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. इथल्या रांगत्या पोरालाही हे कळतं, असं कामिनीच्या आजी सुनंदाबाईंनी सगळ्यांदेखत ऐकवलं. वर म्हणे, बाई, तुमाले कोनी सांगलं नही का?
शाळा भरायच्या आत आणखी बारा अर्ज.
तरातरा वर्गात गेले. डागाळलेला एक फ्रॉक टेबलावर आपटला. विचारलं, माहीत होतं ना तुम्हाला? सगळ्यांना माहीत होतं ना? मग एकानेही मला सांगितलं का नाही? बोला!
तेवीसच्या तेवीस मुलांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.