सांगलीहून आणलेली राणी

३ एप्रिल
म्हसवडजवळच्या वाडीचं जत्रेचं नाटक ठरलं. यंदाही राणी मी, आणि राजा त्यांचे नानासो. मिलिटरीतून सुट्टी काढून येतात, गावाला दुसरा राजा चालत नाही. नाटक बसवणाऱ्या आप्पासाहेबांनी गेल्या वर्षीच्या बातमीचा फोटो पाठवला. अख्खे नानासो, मुकुटासकट. माझा हात तेवढा आलाय. खाली त्यांचं नाव, आणि शेवटी ‘स्त्री कलाकार सांगलीच्या’.

पायलला दाखवलं. म्हणाली, "बरं झालं आई, तोंड नाही आलं."

तिचं लग्न ठरलंय. कडेगावची माणसं, ऊसवाली, चांगली. त्यांना लेकीनं सांगितलंय की आई शिवणकाम करते. करतेच की — राण्यांचे शालू.

९ एप्रिल
वाडीत तालीम. नानासो आलेच नाहीत, सुट्टी रद्द झाली. मंडळी सुतक असल्यासारखी बसलेली. सरपंचांच्या भावाला उभं केलं. तो पहिल्या भाषणात अडकला, दुसऱ्यात हसला. शब्द मीच पुरवत होते. आजवर गावोगावच्या राजांना असेच पुरवलेत, पदराआडून.

आप्पासाहेब माझ्याकडे बघत राहिले. "बाई, राजा तुमीच का करत न्हाई?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"आणि राणी?"

"मी करते," मागून आवाज आला. नानासोंची बायको, दीपमाला. अंगणवाडीत असते. घरी नवऱ्याचं पाठांतर घेताना राणी तीच व्हायची म्हणे. या गावची बाई आजवर स्टेजवर चढलेली नाही. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना.

"नवऱ्याला इचारलंस का?" आप्पासाहेब.

"त्यांनीच सांगितलंय, नाटक मोडू द्यायचं न्हाई."

१० एप्रिल
पायलला सांगितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. "लग्नानंतर कर ना आई." एवढंच बोलली.

१२ एप्रिल
करणार आहे.

१८ एप्रिल
काल प्रयोग झाला. मिशी दोनदा वाकडी चिकटली, इतकी वर्षं रंग लावूनही! पडदा उघडल्यावर मागून शिट्ट्या, कुणीतरी ओरडलं, "राजा साडीत आण रं!" पहिला अंक असाच गेला.

शेवटी राजा भर दरबारात राणीची माफी मागतो. लोकांच्या सांगण्यावरून तिला हाकललेलं असतं. नानासो हे भाषण खाली मान घालून भराभर उरकायचे, राजानं माफी मागणं त्यांना पटायचं नाही. मी सावकाश म्हटलं. राणी म्हणून हे भाषण मी कितीदा ऐकलंय! समोरच्यानं ते कसं म्हणायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. दीपमाला खरीच रडायला लागली. शिट्ट्या कधी थांबल्या, कळलंच नाही. पुढच्या बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या.

नानासोंनी सकाळी व्हिडिओवरून बघितलं. बायकोला म्हणाले, "मी असतो तर तू मांडवातच बसली असतीस."

२० एप्रिल
मोबाईलवर बातमी आली. पूर्ण तोंड, पूर्ण नाव — ‘राजाच्या भूमिकेत सांगलीच्या अंजना’. पायलच्या ऑफिसात सगळ्यांनी पाहिली. घरी येऊन ती जेवली. मी भांडी घासत होते, तर मागे येऊन उभी राहिली.

"आई, ते भाषण परत म्हण ना."

ओल्या हातांनीच म्हटलं. मध्येच मला मिठी मारली तिनं. "उद्या मी त्यांना खरं सांगते."

"लग्न मोडलं तर?"

"मोडू दे."

मोडू नये. पोरगा तिला खरंच आवडलाय.

२१ एप्रिल
तिनं होणाऱ्या सासूला फोन लावला, अंबूबाईंना. आवाज मोठा ठेवला, मलाही ऐकू यावं म्हणून. "आई शिवणकाम नाही करत. नाटकात काम करते."

पलीकडून हसल्याचा आवाज. "आगं, बघायला आलो तवाच वळखलं. तू आपणहून सांगशील म्हणून गप बसलो. दे तिला फोन."

मी फोन हातात घेतला.

"विहीणबाई, मी नवी नवरी हुते. आमच्या जत्रंत तुमी राणी झाला हुता. नाटक सुटल्यावर आमच्याच घरी सोप्यात बसून रंग उतरवलासा. खोबरेल मीच आणून दिलं हुतं. तुमी इसरलासा."