फिरत्या घराचा सांधा

धुळे, ता. १२ फेब्रुवारी १९८९

तीर्थस्वरूप नानांस, धाकट्या भटूचा साष्टांग नमस्कार.

इकडे बरं आहे. प्रमिलाचा खोकला कमी झाला. एरंडोलला तुमच्या भट्टीवर बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचं काम जोरात असेल. तीन वर्षांत पत्र टाकलं नाही, कोणत्या तोंडाने लिहिणार होतो?

आमच्या वर्कशॉपला दलिचंदशेठनी एक गाडी बांधायला दिली. बस कसली, घरच म्हणा. झोपायला फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, मागे पाण्याची टाकी. त्यांच्या आईला, जतनबाईंना, फार वेळ बसवत नाही. झोपून का होईना, शिखरजीच्या यात्रेला जायचंच म्हणतात. शेठनी भाव ओढला, मालकांनी हो म्हटलं आणि मग जिथे तिथे कात्री लावली. सागाऐवजी आंब्याच्या फळ्या, जाड पत्र्याऐवजी पातळ. तेवढं चालून गेलं असतं.

काल गाडीची वास्तू केली. हो, गाडीची. जतनबाई म्हणाल्या, घर आहे तर बांधणाऱ्या मिस्त्रीचा मान झालाच पाहिजे. स्वतःच्या हातांनी मला टॉवेल-टोपी दिली. नाना, ती मला डोक्यावर ठेवता आली नाही. डोकं दुखतंय म्हणालो आणि पिशवीत घातली.

आता लिहूनच टाकतो. गाडीच्या खालचा सांगाडा, चेसी, मागच्या चाकांच्या मागे वाढवायची होती. अखंड लोखंड घ्यायचं, आतून दुसरी पट्टी लावायची, भोकांतून तापलेले रिबेट मारायचे, हे तुम्हीच शिकवलंत. मालक म्हणाले, भंगारातले तुकडे वेल्डिंगचा डाग मारून जोड, वरून काळा रंग दे. मी दिला. त्या सांध्याच्या मागेच टाकी आणि जतनबाईंची फळी.

"चेसी रिबेटवर चालस भटू, डागवर नही," तीन वर्षांपूर्वी मालकांनी असाच डाग मारायला सांगितला, तेव्हा एवढं बोलून तुम्ही इथलं काम सोडलंत. मी तुमच्यामागे आलो नाही, तुमच्या जागी हेडमिस्त्री झालो. तुमच्याशी भांडण नव्हतं नाना, लाज वाटत होती.

आज सकाळी वर्कशॉप बंद असताना चेसीच्या दोन्ही बाजूंचे सांधे गॅसने कापले. गाडीची शेपटी खाली बसली. मग शेठकडे जाऊन सगळं सांगितलं. मालकांनी माझ्याकडच्या वर्कशॉपच्या चाव्या काढून घेतल्या. शेठ फार बोलले. जतनबाईंनी एवढंच विचारलं, "नीट करणारा कोणी आहे का?" मी तुमचं नाव सांगितलं.

त्या होळीपर्यंत थांबायला तयार आहेत. याल का? रिबेट मी तापवतो, मारायचे तुम्ही. टोपी अजून पिशवीतच आहे, ती तुमची.

तुमचा भाता ओढणारा,
भटू