कुंदनची झोप

३ जानेवारी
आले एकदाची सुरतेला! अंगणवाडीतून निवृत्त झाले, आता लेकाकडे ऐष. उधन्यातली खोली एकच, पण उजेडाची. कुंदन कापडाच्या लूमवर कायम रातपाळीला, सूनबाई सुषमा दिवसा साड्यांच्या कारखान्यात. तीन वर्षांची नात राखी आल्या आल्या मांडीवर चढली ती उतरेचना. तिला सांभाळायलाच तर आलेय. गळ्याशपथ, इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

११ जानेवारी
इथली तऱ्हाच उलटी. पोरं सकाळी कामावरून येतात नि दिवसभर झोपतात, दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. आम्ही आजी-नात जरा बोललो की कुंदन दचकून उठतो. परवा रात्री यंत्रावर पेंगला, हात जाता जाता वाचला. माझा जीव उडाला. शेजारच्या प्रमिलाबाईंनी तोड सांगितली: आजी झोपली की नातही झोपते. गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्या सकाळी चहासोबत एक गोळी घेतात म्हणे. "ल्या बैन, निस्ती झोपनी गोळी शे."

आज चहासोबत मीही घेतली. दाराला वरची कडी लावली, राखीला कुशीत घेतलं. संध्याकाळपर्यंत तिघंही गाढ. कुंदन हसत कामावर गेला.

२० फेब्रुवारी
प्रमिलाबाईंच्या डॉक्टरांनी मला ती गोळी थोड्याच दिवसांसाठी लिहून दिली होती. औषधवाला आता चिठ्ठीही मागत नाही. एकीने भागत नाही, दोन लागतात. काल तव्यावर भाकरी जळत होती आणि मी समोर उभी राहून बघत होते. प्रमिलाबाईंनी आज विचारलं, तुम्ही नवीन आलात का? थट्टा वाटली. थट्टा नव्हती. फार भीती वाटली.

२ मार्च
मनानेच गोळी बंद केली. हात थरथरतात. भिंतभर मुंग्या, सुषमाला एकही दिसत नाही. भर दुपारी ओरडले, कशावरून ते आठवत नाही. कुंदन रडला. आई, घे ती गोळी, मला झोपू दे, म्हणाला.
घेतली.

एप्रिल, तारीख माहीत नाही
प्रमिलाबाई न्हाणीत पडून गेल्या. हे आज कळलं. सुषमा म्हणते, आई, तुम्ही स्वतः अंत्ययात्रेला होतात—
घरात एक लहान मुलगी आहे. नाव जिभेवर येतं आणि—

बुधवार बहुतेक
मुलगी रडतेय. कुंदन उठेल. चूप गं बाई, चूप—
माझ्यातली गोळी चुरून दुधात दिली.
शहाणी. लगेच निजली.

तोच दिवस
हलवलं. उठत नाही. हात गार. ओठ—
राखी. राखी नाव तिचं.
कुंदनला हाक मारायला हवी. पण त्याचा आत्ता कुठे डोळा लागलाय— जरासं झोपू दे त्याला, मग—