करडीचा वंश देमेत्रियोला नाही

मी, नासारिया कालिसाया चोके, वय त्रेपन्न, धंदा अल्पाका पाळणे, राहणार ओक्साचाका, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. शाळा दोनच वर्षं केली, म्हणून अक्षर वाकडं आहे. डोकं सरळ आहे. येत्या गुरुवारी हुलियाकाला माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. म्हणजे घाबरण्यासारखं असणार. मला नवरा नाही, मूल नाही. मी काही लिहून ठेवलं नाही तर सगळं माझा धाकटा भाऊ देमेत्रियो याच्याकडे जाईल. ते होऊ नये, एवढ्यासाठीच हे मृत्युपत्र.

एक. घर, जनावरांचं दगडी वाडगं, माग आणि लोकर कातरायच्या तिन्ही कात्र्या बेनिताला द्याव्यात. बेनिता ही देमेत्रियोची मुलगी. अकरा वर्षं ती बापाचा कळप राखते आणि त्या कळपात तिच्या मालकीचा एक खूर नाही. तिच्या जावळाला पहिली बट मी कापली होती, आणि आपल्या रीतीप्रमाणे तिला एक करडी मादी दिली होती. त्या मादीपासून आज पोरीचा स्वतःचा कळप असता. देमेत्रियोने ती दुसऱ्याच वर्षी कापली आणि जत्रेत गावाला जेवू घातली, कारण त्या साली जत्रेचा यजमान तो होता. लोकांनी मटण वाखाणलं. मी खाल्लं नाही.

दोन. बँकेतले पैसे माझ्या मातीला आणि जेवणाला लावावेत. उरले तर वाडग्याची पश्चिमेकडची भिंत बांधावी.

तीन. गावसभेचा सहा वर्षांपूर्वीचा अध्यक्ष अनासेतो याला माझा ओझं वाहणारा म्हातारा लामा द्यावा, जो समोर येईल त्याच्या तोंडावर थुंकतो तो. का, ते पुढच्या कलमात आहे.

चार. आता कळप. माझ्या जावळाला आईने मला एक करडी मादी दिली. आज वाडग्यात एकेचाळीस माद्या आहेत, सगळ्या तिच्या लेकी, नाती, पणत्या. आई म्हणायची, "नराचं तोंड बघावं, मादीची आजी बघावी." मी आजी बघितली. जी सकाळी ऊन असताना व्याली, जिचं पिल्लू तासाभरात उभं राहिलं, जी गारपिटीत पिल्लू सोडून पळाली नाही, तिच्याच लेकी ठेवल्या. बाकीच्या काढून टाकल्या, देखण्या होत्या तरी. देमेत्रियोच्या जावळाला त्याच्या धर्मबापाने एक पांढरा नर दिला. दिसायला राजा. पण पिल्लू आईच्या मालकाचं, ही आपली रीत, त्यामुळे राजाच्या हाती काही लागत नव्हतं. तो राग देमेत्रियोने मोठेपणीही माझ्यावर ठेवला. त्याच्या कळपातल्या माद्या बायकोच्या माहेरच्या, आणि पांढरे नर त्या राजाच्या पिढीतले.

सहा वर्षांपूर्वी मी टायफॉइडने अंथरुणात असताना जनावरांच्या कानांत मालकाच्या खुणा करायचा दिवस आला. देमेत्रियोने माझ्या सात कोवळ्या करड्या माद्यांच्या कानांत स्वतःचे लाल गोंडे ओवले आणि त्या घेऊन गेला. मी काठी टेकत गावसभेत गेले. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, नर माझा होता. बी माझं, पीक माझं. शेताला कोण विचारतं?"

मी म्हटलं, "आईला विचारायचं नाही, तर तू कुणाच्या पोटातून आलास रे?"

लोक हसले. अनासेतो हसला नाही, आदल्या दिवशी तो देमेत्रियोकडे जेवला होता. त्याने वहीत ठराव लिहिला: त्या सात माद्या देमेत्रियोच्या, आणि या दोघा भावंडांच्या जनावरांत यापुढे पिल्लू नराच्या मालकाचं. देमेत्रियोने झोकात सही केली. मीही केली. बायका म्हणाल्या, नासारियाचा ताप डोक्यात गेला.

मग मी कामाला लागले. शेजारच्या खोऱ्यातून एक तांबडा नर विकत आणला. तीन वर्षांपूर्वी देमेत्रियोचे दोन्ही पांढरे नर वीज पडून मेले. तो मागणं घालायच्या रीतीप्रमाणे कोकाची पानं आणि दारूची बाटली घेऊन माझ्या दारात आला.

"ताई, तुझा तांबडा दे ना दोन महिने. झालं गेलं विसर."

"नेतोस तर ने. कागद करायचा का?"

"अगं, बहीणभावात कागद कसला?"

"बरं," म्हटलं. "वहीत आहे तेवढा पुरे."

त्याला ते कळलं नाही. चुलीपाशी बसलेल्या शेजारणीला, ग्रेगोरियाला कळलं, तिने तोंडावर शाल घेतली. तीन पावसाळे तो तांबडा फुकट नेत राहिला. दुसरा नर त्याच्या वाडग्यात नव्हता. तीन वर्षांत तिथे एकोणीस पिल्लं झाली, पैकी अकरा माद्या. वहीप्रमाणे ती एकोणीसही माझी. ती मी बेनिताला देते. माझ्या एकेचाळीस आणि तो तांबडा नरही तिलाच.

पाच. येत्या फेब्रुवारीत, खुणा करायच्या दिवशी, देमेत्रियोने ती एकोणीस स्वतः हाकत आणावीत आणि लाल गोंडे स्वतःच्या हाताने काढावेत. ठराव खोटा होता असं तो म्हणाला, तर ते सभेत उभं राहून म्हणावं. मग माझ्या सात माद्या आणि त्यांची आजवरची सगळी पिल्लं बेनिताकडे जातील. दोन्हींतलं कुठलं, ते त्याने ठरवावं. भाऊ आहे, एवढी मोकळीक देते.

सहा. बेनिते, हे तुला. तुझा बाप रडत येईल. त्याला रडता चांगलं येतं, आईच्या मातीला तो माझ्यापेक्षा जास्त रडला होता. जेवू घाल. थंडी असेल तर लोकर दे. मादी देऊ नकोस, म्हातारी नाही, लंगडी नाही, एकही नाही. दिलीस तर सगळा कळप गावाच्या शाळेचा होईल, असं मी इथे लिहून ठेवते.

सातवं कलम नाही. दवाखान्यातले वालेरियानो म्हणतात, "बाई, शेवटी भावाला माफ केल्याची एक ओळ घाला, बरं दिसतं." मी म्हटलं, तुम्ही साक्षीदार आहात, सही करा.

साक्षीदार:
ग्रेगोरिया लाउरा किस्पे, शेजारीण (अंगठा)
वालेरियानो सुप्पो, दवाखान्यातले मदतनीस (सही)

लिहिणार: नासारिया कालिसाया चोके (सही)

ओक्साचाका, ९ नोव्हेंबर २०१९