दगूबाईंनी फुकट दिलेला स्टो

१० नोव्हेंबर २०२४, सकाळी ६.१०
कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर होऊन आज पाच महिने दहा दिवस. आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी.
कलेक्शनची स्थिती: गॅसबत्त्या नऊ, कंदील चौदा, पंपाचे स्टो सहा. चालू स्थितीत: सध्या एकही नाही. पण टेक्निकली सगळेच दुरुस्त होण्याजोगे.
निर्धार: गॅरेजमध्ये म्युझियम. उद्घाटन २६ जानेवारी. काठी गावच्या मोठ्या होळीला अकरा गॅसबत्त्या पेटवून नेणे. तिकडून अजून कोणी बोलावलेलं नाही, पण एकदा बघितल्या की बोलावतील.
रुपाला प्लॅन सांगितला. ती मेथी निवडत होती. मोटारसायकल कुठे लावणार, एवढंच विचारलं. बायकोला व्हिजन समजायला वेळ लागतो.

१७ नोव्हेंबर
धडगावला जाऊन आलो. मगन म्हणून एक माणूस पूर्वी लग्नांना गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा. शेवटची उरलेली विकत घेतली. त्याने पेटवून दाखवली. पद्धत चुकीची होती, मी तसं सांगितलं. त्याने मान डोलावली. बत्ती मात्र लख्ख पेटली. योगायोग.
येताना जीपमध्ये बत्ती मांडीवर. ड्रायव्हरने विचारलं, आत रॉकेल नाही ना? नाही म्हणालो. घाटात पँट भिजली. शेजारची बाई पदर नाकाला लावून पुढच्या सीटवर गेली. मागच्या माणसाने पेटवायला काढलेली बिडी ड्रायव्हरने आरडाओरडा करून फेकायला लावली. लोक फार घाबरट झालेत.

२४ नोव्हेंबर
आज मोठी शिकार!
सारंगखेड्याच्या अलीकडच्या एका गावात दगूबाई म्हणून म्हाताऱ्या आहेत. ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या माळ्यावर पितळी स्टो असल्याची खबर होती. मी किमतीचं बोलायला सुरुवात केली तर त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "लई जा (घेऊन जा) रे भाऊ. पैसा नको माले. फक्त परत लई येऊ नको."
गोणपाटात बांधलेला होता. वर सुतळीच्या सात-आठ गाठी. मी सोडायला लागलो तर म्हणाल्या, इथे नको, घरी जाऊन सोड. आणि मी फाटकातून बाहेर पडेपर्यंत पाठ करून उभ्या राहिल्या.
खेड्यात अजून दानत आहे.

२५ नोव्हेंबर
स्टो अप्रतिम. पायावर वेलबुट्टी. टाकीच्या बुडाला डाखाची, म्हणजे कथलाने सांधल्याची, एक जाड रेघ, इकडून तिकडे. एका बाजूला पितळ काळंनिळं. पॉलिशने जाईल.

१ डिसेंबर
पॉलिशने गेलं नाही.

४ डिसेंबर
जहीरभाईंकडे स्टो नेला. शहाद्यात त्यांचं दुकान त्यांच्या वडिलांपासून. गॅस शेगडी, कुकर, पंप, सगळं करतात. मी जरा कौतुकाच्या अपेक्षेने गोणपाट सोडलं.
जहीरभाईंनी हात मागे घेतला. चष्मा लावून लांबूनच बघितलं. मग विचारलं, "ये कहाँ से लाए साब?"
सांगितलं. तेव्हा त्यांनी दुकानातलं गिऱ्हाईक घालवून दिलं आणि मला बसवलं. दगूबाईंची मोठी सून ह्याच स्टोवर भाजून गेली. अठ्ठावीस वर्षं झाली. कोणी म्हणतं टाकी फुटली, कोणी म्हणतं टाकी नंतर फोडली. केस झाली, नवरा सुटला. पोलिसांकडून स्टो परत आला तेव्हा घरच्यांनी तो जहीरभाईंच्या वडिलांकडे आणला. "मेरे वालिद ने डाख लगाया. उसी दिन बोले थे, अब इसको जलाना मत. जो टाकी एक बार फटी, वो टाकी नहीं साब."
वॉशर बदलून द्यायलासुद्धा तयार नाहीत.
जुन्या वळणाचे कारागीर. पण एक फायदा झाला: वस्तूचा इतिहास मिळाला. म्युझियममध्ये इतिहासालाच किंमत.

५ डिसेंबर
स्टोसाठी लेबल लिहिलं: "तापीकाठच्या एका कुटुंबाच्या हृदयस्पर्शी आठवणी जोडलेला दुर्मिळ पितळी स्टो."
रुपाने वाचलं. कसल्या आठवणी, म्हणाली. सांगितलं.
तिने लेबल पालथं ठेवलं. मग म्हणाली, "मन्हा घरमा तो स्टो नको." मी म्हणालो, घरात नाही, गॅरेजमध्ये आहे. त्यावर तिने विचारलं, त्या सुनेचं नाव काय होतं?
ते मी विचारलं नव्हतं. लेबलवर नावाला जागाही नाही.

११ डिसेंबर
रुपा गॅरेजमध्ये येत नाही. चहाची हाक अंगणातून मारते. अंधश्रद्धा. एम.ए.पर्यंत शिकूनही.

१५ डिसेंबर
वॉशर स्वतः बसवलं. जुन्या चपलेचं चामडं कापून, एरंडेलात भिजवून. व्हिडिओत बारा मिनिटं लागतात. मला चार दिवस लागले, कारण मी बारकाईने करतो. पंप हवा धरतो. हवा धरतो म्हणजे टाकी उत्तम. जहीरभाईंचा मुद्दा निकालात.

१९ डिसेंबर
रॉकेल कुठेच मिळत नाही. रेशनला नाही, किराणावाल्याकडे नाही. अर्धं डिझेल, अर्धं पेट्रोल असा स्वतःचा फॉर्म्युला केला. स्टोत भरला, उरलेला डब्यात.
रस्त्यात जहीरभाई भेटले म्हणून सहज सांगितलं. ते सायकलवरून उतरले. भर रस्त्यात माझा हात धरला. "पेट्रोल? साब, आपको भाभी का वास्ता." एवढ्या जोरात धरला की मनगट दुखतंय. माणूस चांगला, पण ड्रामॅटिक.

२८ डिसेंबर
गॅरेजमध्ये सतत वास. डबा तर बंद आहे. स्टोच्या खाली फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा ओला डाग. पुसतो. परत येतो. थंडीमुळे दव धरत असावं.

२ जानेवारी २०२५
नवीन वर्षाचा निर्धार: चिडायचं नाही.
रुपाशी भांडण. ती अंगणात उभी राहून ओरडली, "एक तर तो स्टो राही, नाहीतर मी!" शेजारच्या आशाताई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी कपडे तसेच टाकले आणि ऐकत राहिल्या. मीही जरा मोठ्याने बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

९ जानेवारी
निमंत्रणपत्रिका साठ छापल्या. कार्यक्रम: दीपप्रज्वलनाऐवजी गॅसबत्तीप्रज्वलन. नंतर ऐतिहासिक स्टोवर केलेला चहा. चहा कोण करणार, हा तपशील बाकी. रुपा तोपर्यंत तयार होईल. तिचा राग आठवड्याच्या वर टिकत नाही.

१६ जानेवारी
टिकतोय.
गॅसबत्त्यांची रंगीत तालीम. दहापैकी पेटल्या दोन. एकीची जाळी लगेच राख झाली, दुसरीने भिंतीला कमरेपासून छतापर्यंत काळा पट्टा मारला. म्हणजे वीस टक्के यश, पहिल्याच प्रयत्नात.

२१ जानेवारी
दगूबाईंना पत्रिका द्यायला गेलो होतो. आत घेतलं नाही. पत्रिकेवरचा स्टोचा फोटो बघितला आणि विचारलं, पेटवना का? (पेटवलास का?) नाही म्हणालो, सव्वीसला पेटवणार. त्यांनी पत्रिका माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, "तुले बायको शे ना?"
आहे म्हणालो. पत्रिकेत दोघांचीही नावं आहेत. प्रश्नाचा रोख कळला नाही.
कळला. पण तारीख ठरली आहे.

२३ जानेवारी
आज समजलं, रुपा जहीरभाईंना फोन करते. माझ्या पाठीमागे. परवा येऊन स्टो घेऊन जा, मोडून टाका, असं सांगितलंय. म्हणजे घरात कट. परवा सकाळी ते यायच्या आत स्टो पेटवून दाखवायचा. पेटलेला बघितला की दोघंही गप्प.

२५ जानेवारी, दुपारी ४
छोटासा प्रकार घडला. रुपाच्या हाताला थोडं लागलं आहे. दवाखान्यात आहोत. स्टो जवळजवळ पेटला होता.

२५ जानेवारी, संध्याकाळी ७
वर "थोडं" लिहिलंय ते बरोबर नाही. उजवा हात, बोटांपासून कोपराच्या वर. डॉक्टर म्हणतात आठवडाभर काही सांगता येणार नाही.
झालं ते लिहून ठेवतो. बर्नरच्या वाटीत पेट्रोल घालून काडी लावली. बर्नर तापला नव्हता. मी पंप मारला. ज्योत पिवळी होऊन वर गेली, मग बसली. मी खाली वाकून बघितलं. बुडाच्या डाखातून बारीक धार येत होती. ती माझ्या लेंग्यावर पडत होती, आणि मी तिच्याकडे बघत बसलो. नुसता बघत बसलो. ज्योत त्या धारेवर आली तेव्हा मागून रुपा आली. जी दीड महिना गॅरेजमध्ये पाऊल ठेवत नव्हती. तिने पेटता स्टो हाताने धरला आणि दाराबाहेर फेकला. मला एक फोडसुद्धा नाही.
जहीरभाई तेवढ्यात फाटकात आले. त्यांनी सायकल टाकली, तुळशीजवळच्या बादलीत गोणपाट बुडवलं आणि तिच्या हातावर गुंडाळलं. मी काय करत होतो ते आठवत नाही. जहीरभाई म्हणतात, मी "चावी सोडा, चावी सोडा" असं ओरडत होतो. टाकीतली हवा सोडायची चावी.

२६ जानेवारी
कार्यक्रम रद्द. कळवायचं राहिलं. तरी कोणी आलं नाही असं आशाताईंकडून कळलं.
दुपारी हवालदार जालमसिंग आले. बाई स्टोने भाजली की दवाखान्यातून कळवावंच लागतं म्हणाले. मला बाहेर बाकावर बसवलं. विचारलं, घरात भांडण होतं का? नाही म्हणालो. शेजारी तर वेगळं सांगतात, म्हणाले. पेट्रोल कोणी आणलं? मी. कशासाठी? सांगितलं. किती दिवस घरात होतं? सदतीस. त्यांनी लिहून घेतलं. मग गॅरेजमधून आणलेलं लेबल काढून समोर धरलं. "हृदयस्पर्शी म्हणजे काय हो, पाटील?"
जाताना म्हणाले, "हा स्टो आमच्याकडे दुसऱ्यांदा आलाय. पहिल्या वेळी पण नवरा म्हणाला होता, छोटासा प्रकार."
रुपाचा भाऊ भरत नंदुरबारहून आला. माझ्या बाकावर बसला नाही. उभा राहिला.

२७ जानेवारी
झोप नाही. एकच विचार. रुपा काय सांगेल? तिने काहीही सांगितलं तरी लोक मानतील. आणि दोन तारखेला मी जे ओरडलो होतो, ते आता लिहितो: "जळून जा एकदाची." रागाच्या भरात. लोक म्हणतातच. मीही म्हणालो.

२८ जानेवारी
रुपाचा जबाब झाला. मला बाहेर ठेवलं होतं. पाऊण तास. दार उघडलं तेव्हा आधी भरत बाहेर आला. माझ्याकडे बघून खाली बघायला लागला.
जालमसिंगांनी मला आत बोलावून जबाब वाचून दाखवला. रुपाने सगळं सांगितलंय. पेट्रोल, फॉर्म्युला, जहीरभाईंची ताकीद, भांडण. मी ओरडलो तेही, शब्दाला शब्द. आणि पुढे: "माझे पती मला जाळतील असे मला कधी वाटले नाही. माझ्या पतीला स्टो दुरुस्त करता येत नाही. येत नाही हे त्यांना पटत नाही. स्टो मी आपण होऊन उचलला. कोणाविरुद्ध तक्रार नाही." खाली डाव्या हाताचा अंगठा. एम.ए. झालेल्या बाईचा.
मग माझा जबाब. जालमसिंग म्हणाले, हेच तुमच्या तोंडून हवंय: मला स्टो दुरुस्त करता येत नाही. मी म्हणालो, "पूर्णपणे" हा शब्द घालता येईल का? पूर्णपणे येत नाही. म्हणजे थोडंफार—
त्यांनी पेन खाली ठेवलं. रुपा खिडकीकडे बघत होती. बँडेजमधून बोटांची टोकं दिसत होती, काळीनिळी.
म्हणालो, शब्द नको. सही केली.

१२ फेब्रुवारी
रुपा काल घरी आली. बोटं वाचली. दोन नीट वाकणार नाहीत.
बत्त्या, कंदील आणि बाकीचे स्टो जहीरभाई हातगाडीवर घालून घेऊन गेले. मी म्हणालो, मोडीत घाला. ते म्हणाले, देखेंगे.
जाताना त्यांना त्या सुनेचं नाव विचारलं. भिकुबाई. बावीस वर्षांची होती.
सकाळी रुपासाठी चहा करायला गेलो. घरचा गॅस. बटण फिरवायचं, लायटर दाबायचा. बटण फिरवलं. वास आला तसा हात थांबला. बंद केलं. परत फिरवलं, परत बंद केलं. असं पाच-सहा वेळा.
रुपा आतून उठून आली. मला बाजूला सारलं आणि डाव्या हाताने गॅस पेटवला.
साखर मी घातली. जास्त झाली.