खुर्ची त्याला, फरशी मला

रविवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

आत्ताच पोलीस ठाण्यातून सुटून आलो. त्या फरशीने कंबर अजून आखडलीय.

काल गुहागरकडच्या कबड्डीत पंचाने चुकीचा निकाल दिला, म्हणून सुहासने आणि मी त्याला मारलं. पहिला हात सुहासचा. पण सुहास टीव्हीवरच्या लीगमध्ये खेळतो, मी अजून गावच्याच संघात. म्हणून ठाण्यात त्याला खुर्ची, कपबशीत चहा. मला फरशी.

सुहास खोटं बोलला नाही. "साहेब, सुरुवात मीच केली." साहेब हसले. "खेळाडूचं रक्त गरमच असायचं!" मग माझं काय थंड आहे? शाळेत माझी चढाई त्याच्यापेक्षा सरस होती. निवडीच्या दिवशी गुडघ्याने दगा दिला नसता, तर त्या खुर्चीत...

मध्येच मला उठवलं. वाटलं, सोडताहेत. साहेबांनी मोबाइल हातात दिला, सुहासबरोबर त्यांचा फोटो काढायला. काढला. "बस परत खाली."

सुहास चहा पिऊन घरी गेला. केस माझ्या एकट्यावर.

आणि आता आई गावच्या ग्रुपवरचा तोच फोटो नाकापुढे धरते. "बघ त्याला! ठाण्यातसुद्धा कसा राजासारखा बसलाय. नायतर तू!"

काढला कोणी, ते नाही सांगितलं तिला. खुर्ची मात्र अख्खी आलीय.