उंदरांची गोळी

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या विभागप्रमुखांचा आज अगदी वीट आला. सकाळी त्यांचं व्याख्यान होतं. विषाणूमुळे हृदयाला सूज आलेल्या उंदरांना ब्लडप्रेशरची एक गोळी दिली आणि सूज कमी झाली, एवढंच. प्रयोग कुण्या परक्यांचे, टाळ्या यांना. पडद्यावर उंदराचं हृदय दाखवताना कसे हसत होते!

इथवर ठीक. पण नंतर वॉर्डात पेशंट बघायच्या राउंडला ते अकलूजच्या सुनंदापाशी थांबले. अंगावर पिणारं बाळ घरी ठेवून आलेली पोर, तापानंतर हृदय सुजलेलं.

"हिला आजच ती गोळी सुरू करा. जर्नलमध्ये छापायला छान पेपर होईल."

पेपर! मी म्हटलं, "सर, हिचं प्रेशर आधीच खाली आहे. या गोळीनं हृदय आणखी थकेल. आणि माणसांत हे कुठं सिद्ध झालंय?"

"वाचन फार वाढलंय तुमचं." पुन्हा तेच हसू, उंदराच्या हृदयावरचं.

सुनंदाचा नवरा माझ्यामागं धावत आला. "म्याडम, द्यायची का न्हाय ती गोळी? मोठं डाक्टर म्हणत्यात की."

"नाही. मी देऊ देणार नाही."

तशीच डीनसरांकडे गेले, सगळं सांगितलं. गोळी थांबली.

आणि आत्ता निघताना काय बघते? हे महाशय वॉर्डात उभे, नवऱ्याला सांगताहेत, "मीच म्हटलं, घाई नको." तो बिचारा त्यांच्या पाया पडला.

या माणसानं पाय मागे घेतले नाहीत.